‘चोरी करू नकोस’ म्हणजे नक्की काय काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण पवित्र शास्त्र घेऊन बसतात. दहा आज्ञा वाचायला घेतल्या तेव्हा वाटले होते की ‘चोरी करू नकोस’ ही एका बैठकीत उरकेल. आपण थोडेच चोर आहोत! प्रत्यक्षात सगळा पावसाळा तीच एक आज्ञा चालली. नवे माणूस आले की तेच प्रश्न पुन्हा निघतात, म्हणून ते इथे उत्तरांसह लिहून काढले आहेत. मी पाळक नाही. ठाण्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, त्यामुळे हिशेबाची वचने मला जरा जास्तच आवडतात. वचने बहुतेक ठिकाणी माझ्या शब्दांत सांगितली आहेत. शास्त्रातल्या पुस्तकाचे नाव (निर्गम, लेवीय, अनुवाद वगैरे), अध्याय आणि ओवी दिली आहे, तिथे आपले पुस्तक उघडून पाहावे.

ही आज्ञा सातवी की आठवी? दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात.

दोन्ही बरोबर आहेत. निर्गमाच्या २०व्या अध्यायात आज्ञांना क्रमांक घातलेले नाहीत, मोजणी नंतरच्या लोकांनी केली. कॅथलिक आणि लुथरन परंपरेत मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा करतात, म्हणून चोरी सातवी येते. इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती आठवी. आमच्या गटात एक सून वसईच्या कॅथलिक घरातली आहे आणि माझे माहेर नगरचे. ‘सातवी काढा’ म्हटले की निम्मे लोक व्यभिचारावर जाऊन थांबतात.

चोरी म्हणजे वस्तू उचलणे. मग खोटे बोलण्याचा तिच्याशी काय संबंध?

मूळ हिब्रूत ही आज्ञा अवघ्या दोन शब्दांची आहे. काय चोरू नको, कोणाचे चोरू नको, काही सांगितलेले नाही. तेच क्रियापद निर्गम २१:१६ मध्ये माणूस पळवून नेण्याला वापरले आहे. याकोब सासऱ्याला न सांगता बायकामुले घेऊन निघून गेला, तिथे (उत्पत्ती ३१:२०) हिब्रू शब्दशः म्हणते की त्याने लाबानाचे काळीज चोरले, म्हणजे त्याला गंडवले. दावीदाचा मुलगा अबशालोम शहराच्या वेशीजवळ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गोड बोलायचा. त्यालाही इस्राएल लोकांची मने चोरणे म्हटले आहे (२ शमुवेल १५:६).

मराठीला हे नवे नाही. आपण कामचोर म्हणतो, अंगचोर म्हणतो, मनात चोर असतो म्हणतो. लेवीय १९:११ तर चोरी, फसवणूक आणि खोटे बोलणे ही तिन्ही एकाच ओवीत बांधते. समोरच्याच्या हक्काचे काहीतरी त्याच्या नकळत काढून घ्यायचे, हा तिन्हींचा सामाईक अवयव. कधी ती वस्तू असते, कधी खरी माहिती.

लोकलमध्ये किंवा रिक्षात कोणाची वस्तू सापडली, तर? मी चोरली तर नाही!

अनुवाद २२:१-३ वाचा. भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेले दिसले तर ते त्याला नेऊन द्यायचे. तो लांब राहत असेल, किंवा कोण आहे हे ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या घरी आणून तो शोधत येईपर्यंत सांभाळायचे. गाढव असो, वस्त्र असो, हरवलेली कोणतीही वस्तू असो, नियम तोच. आता घरी आणलेल्या बैलाला वैरण लागते, पाणी लागते, गोठ्यात जागा लागते. हा सगळा खर्च सापडणाऱ्याच्या अंगावर!

त्या परिच्छेदातले शेवटचे वाक्य मला फार खुपते. मराठीत आपण त्याला ‘कानाडोळा करू नको’ म्हणतो, हिब्रूत ते जवळपास ‘तुला लपून राहता येणार नाही’ असे आहे. लपतो कोण, तर ज्याने काहीच चोरलेले नाही तो.

गेल्या वर्षी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चढले. माझ्या समोरची बाई धावतपळत पुलाकडे गेली होती आणि तिची कापडी पिशवी खिडकीशी राहिली होती. आत स्टीलचा डबा, अर्धी पोळी आणि लोणच्याची फोड. कोणीतरी एकदा ‘कोणाची आहे हो?’ म्हणाले, आणि मग सगळ्या जणी मोबाइलमध्ये शिरल्या. मीही शिरले. दिघा गाव जाईपर्यंत लपले होते. ऐरोलीला उतरताना सहज झाकण पाहिले, तर त्यावर नाव आणि तारीख कोरलेली, कुठल्याशा लग्नातला आहेर असणार. डबा स्टेशन मास्तरांकडे दिला. तो बाईपर्यंत पोहोचला की नाही, कोण जाणे.

व्यवहाराचे सांगायचे तर गाडीत बेवारस सामान दिसले आणि मालक कोण ते दिसले नसेल, तर हात न लावता १३९ वर कळवा किंवा स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना सांगा. सापडलेले सामान परत करण्याचे रेल्वे सुरक्षा दलाचे ‘ऑपरेशन अमानत’ आहे. देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७१व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. ती स्वतःकडे दाबून ठेवणे भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. ‘सापडले त्याचे झाले’ हा नियम फक्त गोट्यांच्या खेळात चालतो.

ज्याच्याशी आपले बोलणेही नाही, त्याची वस्तू सापडली तर?

निर्गम २३:४. शत्रूचा बैल किंवा गाढव चुकलेले दिसले तर अवश्य परत नेऊन दे. पुढची ओवी आणखी वाईट आहे: तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला हात लाव. पार्किंगवरून तीन वर्षे अबोला धरलेल्या शेजाऱ्याच्या गाडीचे हेडलाइट रात्री चालू राहिले आहेत आणि तुम्ही खिडकीतून बघताय. खाली जाऊन वॉचमनला सांगा. अबोला हवा तर सकाळपासून पुन्हा धरा.

खात्यात चुकून पैसे आले, किंवा दुकानदाराने सुटे जास्त दिले. चूक त्याची आहे ना?

याकोबाचे मुलगे मिसरातून (इजिप्तमधून) धान्य घेऊन आले आणि घरी गोणी उघडल्या, तर दिलेले पैसे जसेच्या तसे गोणीत परत आलेले. दुष्काळाचे दिवस, घरात खाणारी तोंडे भरपूर. म्हातारा काय म्हणतो? दुप्पट पैसे न्या, परत आलेलेही घेऊन जा, कदाचित नजरचूक झाली असेल (उत्पत्ती ४३:१२). हाच याकोब तरुणपणी भावाचा आशीर्वाद लाटून आला होता. त्याच्या तोंडी हे वाक्य यायला आयुष्य जावे लागले.

भाजीवालीने पन्नासऐवजी शंभरची नोट दिली, तर तिथल्या तिथे हात पुढे करा. तिच्या दिवसभराच्या नफ्यातले ते पन्नास आहेत. यूपीआयचे मात्र जरा जपून. ‘चुकून तुम्हाला पैसे गेले, या नंबरवर परत पाठवा’ असे फोन फसवणुकीसाठीही येतात. आपल्या बँकेत कळवा, ज्या व्यवहाराने आले त्याच मार्गाने परत जाऊ द्या. प्रामाणिक असावे, पण बावळट असावे असे शास्त्रात कुठेही नाही.

तराजू आणि वजने यांवर बायबल इतके का बोलते?

कारण तिथे रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाकडून, दिसणारही नाही इतके चोरता येते. लेवीय १९:३५-३६ खरा तराजू, खरी वजने, खरा एफा आणि खरा हिन मागते. एफा धान्याचे माप, हिन तेल-द्राक्षारसासारख्या पातळ पदार्थांचे. अनुवाद २५:१३ मध्ये थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नको असे आपण वाचतो. मूळ शब्द आहेत ‘दगड आणि दगड’, एक मोठा, एक लहान. विकत घेताना मोठा काढायचा, विकताना लहान. त्या काळची चुनखडीची घुमटाकार वजने यहूदाच्या भूमीत उत्खननात सापडली आहेत, काहींवर शेकेलची खूणही आहे. एक शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅम. आपल्याकडे तरी काय, काट्यात किलोच्या वजनाऐवजी कापडात गुंडाळलेला धोंडा टाकणारे भाजीवाले माझ्या पिढीने पाहिले आहेत.

आमोस ८:५-६ मध्ये व्यापारी सण कधी संपतो याची वाट पाहत बसले आहेत. माप लहान करू, शेकेल मोठा करू, आणि गव्हाचे भुसकटही विकू, असा त्यांचा बेत चाललेला असतो. उपासनेत बसून मनात दुकान मांडलेले!

आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, वैधमापन खात्याचे शिक्के असतात. मग भुसकट कुठे गेले? एप्रिलमध्ये मी रस्त्यावरून हापूसची पेटी घेतली. वरचा थर देखणा, देठाशी केशरी झाक, वास घरभर. तिसऱ्या दिवशी खालचा थर उघडला तर फळे लिंबाहून थोडी मोठी, आणि पेटीत अंथरलेला कागद कानडी वर्तमानपत्राचा. पेटीवर मात्र ठसठशीत ‘देवगड’. कर्नाटकाच्या आंब्यात वाईट काही नाही, तो स्वतःच्या नावाने विकला असता तर मी आनंदाने घेतला असता, थोड्या कमी पैशात. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते याचसाठी. नाव हीसुद्धा मालमत्ता असते, आणि इथे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराच्या खिशातून गेले.

दिवाळे कोळीवाड्याकडची एक मावशी आमच्या दाराशी मासळी आणते. ती वाटा लावते, वजन नाही. मोठा बोंबील वर दिसतो, हे खरे. पण ती स्वतःच वाटा उलटा करून दाखवते. इथे काट्याची गरजच पडत नाही.

मग घासाघीस करणे चूक का?

नाही. फक्त नीतिसूत्रे २०:१४ वाचून मग बाजारात जा. घेणारा म्हणतो, ‘भिकार आहे, भिकार आहे’, आणि पिशवीत टाकून निघाला की किती स्वस्तात मिळाले याची बढाई मारतो. लेखकाने नक्की बायकोबरोबर बाजार केलेला असणार.

घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार दोन दिवस उशिरा दिला तर ती चोरी होते का?

या प्रश्नावर आमच्याकडे सगळ्यात जास्त आवाज चढले. शास्त्राचे उत्तर मात्र सरळ आहे: होय. लेवीय १९:१३ मध्ये शेजाऱ्याला लुबाडू नको याच्या लगेच मागे येते की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. अनुवाद २४:१४-१५ कारणही देते. मजूर गरीब आहे, त्याचे सगळे चित्त त्या पैशावर लागलेले आहे, सूर्य मावळण्याआधी दे, आणि तो आपल्या लोकांतला असो की परका, दोघांना सारखेच. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा; ५:४) तर अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. मजूर गप्प बसेल, उद्याचे काम जाईल म्हणून. पैसे गप्प बसत नाहीत.

‘माझी नियत वाईट नव्हती’ असे एका काकांनी सांगितले. त्यांच्याकडे रंगकामाला नाक्यावरून आणलेले दोघे होते, शेवटचे बाराशे ‘सोमवारी’ म्हणून राहिले. नियत कशी होती याबद्दल वचनात अक्षरही नाही. वचनात घड्याळ आहे. आपल्यासाठी दोन दिवस म्हणजे एटीएमला जायचा कंटाळा असतो. त्या माणसाच्या घरी ते दोन दिवस वाण्याच्या उधारीवर चालतात. येशूने द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला (मत्तय २०), त्यातला मालकही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटायला लावतो. दिवसभर कोणी कामावर लावले नाही म्हणून बाजारात उभे असलेले मजूर त्या दाखल्यात आहेत. सकाळी आठला आपल्या कुठल्याही मजूर नाक्यावर उभे राहून पाहा, तो अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माझे सांगते. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी एका महिन्याला एक तारखेऐवजी चारला पैसे दिले, कारण मी नगरला लग्नाला गेले होते. परत आले तर त्या नेहमीसारख्याच आल्या, काही बोलल्या नाहीत. भांडी घासताना फक्त एवढेच विचारले, ‘बाई, गॅसवाला किती दिवस थांबतो हो?’ तेव्हापासून गावाला जायचे असले की पगार आदल्या दिवशी.

आणि उलट? कामावर वेळकाढूपणा करणे, ऑफिसातून कागद-पेन आणणे?

तेही त्याच यादीत. कलस्सै ३:२२ मध्ये तोंडदेखल्या चाकरीचा निषेध आहे, तीताला लिहिलेल्या पत्रात (२:१०) दासांनी धन्याच्या वस्तू लांबवू नयेत असे येते. महापे-घणसोलीकडच्या कंपन्यांतले आमचे तरुण घरून काम करताना कॉम्प्युटरचा माउस हलवत ठेवण्याच्या युक्त्या सांगतात. हसू येते, पण कामचोर शब्दातला ‘चोर’ उगीच नाही. कंपनी रात्री दहापर्यंत फुकट राबवत असेल तर तिलाही वरचा प्रश्न लागू आहे, हेही त्यांना सांगते.

उसने घेतलेली वस्तू बिघडली तर भरपाई द्यायची का?

निर्गम २२:१४-१५ प्रमाणे उसने आणलेले जनावर मालक जवळ नसताना जायबंदी झाले किंवा मेले, तर भरून द्यायचे. मालक बरोबर असेल तर नाही. भाड्याने आणलेले असेल तर भाड्यात आले. किती नेमके! वर्गात उदाहरण म्हणून घालावे असे.

आणि ती कुऱ्हाडीची गोष्ट (२ राजे ६:१-७). यार्देनेच्या काठी लाकूड तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले आणि तो ओरडला, ‘हाय हाय, स्वामी, ती उसनी आणली होती!’ चमत्कार पुढे होतो, पाते तरंगते. मला ती हाय हाय जास्त भावते. आमच्या सोसायटीत एक ड्रिल मशीन आहे, मूळ तिसऱ्या मजल्यावरचे. ते आता नक्की कोणाकडे आहे हे गेली दोन वर्षे कोणालाच माहीत नाही, आणि एकही जण हाय हाय करत नाही.

मी कर्ज दिले आहे. वसुलीचा हक्क माझा नाही का?

आहे. पण गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरायचे नाही, दाराबाहेर उभे राहायचे, तो आणून देईल (अनुवाद २४:१०-११). जात्याची तळी घ्यायची नाही, कारण ते जीव गहाण घेण्यासारखे आहे (२४:६). गरिबाचे पांघरूण घेतले असेल तर सूर्यास्ताआधी परत, नाहीतर तो रात्री काय पांघरेल? (निर्गम २२:२६-२७). वसुलीवाले दारात उभे राहून गल्लीभर ऐकू जाईल असे बोलतात तेव्हा मला तो उंबरठा आठवतो.

चूक कबूल केली, देवाकडे क्षमा मागितली. एवढे पुरत नाही का?

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे. शास्त्राला चोराला कोंडण्यात फारसा रस दिसत नाही, वस्तू घरी पोहोचण्यात आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे निर्गम ते अनुवाद या पुस्तकांतल्या कायद्यात, चोरीसाठी तुरुंगच नाही. हिशेब असा:

चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट. मेंढरू कापले किंवा विकले तर चार, बैल असेल तर पाच (निर्गम २२:१, ४). बैलाला एक जास्त का? बरेच अभ्यासक म्हणतात की नांगराचा बैल गेला की शेतकऱ्याची कमाईच थांबते, म्हणून. ठाण्यात कोणाची रिक्षा चोरणे आणि कोणाची सोन्याची साखळी चोरणे, किंमत सारखी असली तरी नुकसान सारखे नाही. आणि ज्याने आपणहून कबुली दिली त्याला सवलत: मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के (लेवीय ६:१-७). त्यातही क्रम पाहा. आधी मालकाला, ज्या दिवशी अर्पण आणायचे त्याच दिवशी, आणि मग वेदीकडे. येशूही तेच सांगतो: अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर (मत्तय ५:२३-२४).

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या इ.स.पू. १७५० च्या सुमाराच्या कायद्याशी ताडून पाहा. तिथे देवळातले किंवा राजवाड्यातले जनावर चोरले तर तीसपट, सामान्य माणसाचे असेल तर दहापट, आणि भरता आले नाही तर मृत्युदंड. मोशेच्या नियमात मालक कोण यावर आकडा बदलत नाही, आणि जनावरासाठी माणूस मारत नाहीत. भरता न येणाऱ्याला विकण्याची तरतूद मात्र आहे (निर्गम २२:३), आणि ती वाचताना मला अवघडल्यासारखे होते. तसे झाले तर होऊ द्यावे, झाकू नये.

जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. कबुली देणाऱ्याला वीस टक्के पुरले असते. त्याने चौपट देऊ केले, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना (लूक १९:८). त्याला कोणी आकडा सांगितला नव्हता. येशू त्याच्या घरी जेवायला आला होता, एवढेच.

आपल्या भारतीय न्याय संहितेतही (१ जुलै २०२४ पासून लागू) आता एक छोटी खिडकी आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी आणि पहिलाच गुन्हा असेल, तर वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर समाजसेवेची शिक्षा. मोशेला हे आवडले असते.

ज्याचे घेतले तो माणूस आता हयात नाही किंवा सापडत नाही. मग?

गणना ५:५-८. त्याच्या जवळच्या नातेवाइकाला द्या, तोही नसेल तर ते परमेश्वराचे, म्हणजे याजकाकडे. थोडक्यात, काहीही झाले तरी ते तुमच्याकडे राहत नाही.

भुकेपोटी केलेली चोरी माफ आहे का?

नीतिसूत्रे ६:३०-३१ म्हणते की भुकेल्याने पोट भरण्यासाठी चोरले तर लोक त्याला तुच्छ लेखत नाहीत, तरी सापडला तर भरावेच लागते. पण ही पाळीच येऊ नये म्हणून केलेली तजवीज पाहा. शेताचे कानेकोपरे कापायचे नाहीत, पडलेली कणसे वेचायची नाहीत, ती गरिबांची आणि उपऱ्यांची (लेवीय १९:९-१०). मवाबातून आलेली विधवा रूथ अशीच वेचायला गेली होती. वाटसरूने शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षे खावीत, पण टोपली भरायची नाही. कणसे हाताने मोडावीत, पण विळा लावायचा नाही (अनुवाद २३:२४-२५). हक्क आणि चोरी यांतली रेघ एका विळ्याने आखली आहे.

जमिनीचे काय? नवी मुंबईत राहून हा प्रश्न टाळता येत नाही.

येत नाही, आणि आमच्या गटात इथल्या मूळ गावांतले दोघे आगरी मित्र बसतात, त्यामुळे टाळूही दिला जात नाही. शेजाऱ्याच्या शेताची मेर, म्हणजे हद्दीचा बांध, सरकवू नको, हे अनुवाद १९:१४ मध्ये आहे आणि २७:१७ मध्ये त्यावर शापही आहे. मग येतो नाबोथ (१ राजे २१). अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. लोक विसरतात की राजाने सुरुवातीला जबरदस्ती केली नाही. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. राजा भिंतीकडे तोंड करून उपाशी झोपला. पुढचे राणीने केले: दोन खोटे साक्षीदार, धोंडमार, मळा खाली. लोभ, खोटी साक्ष, खून, चोरी. एका भाजीच्या वाफ्यासाठी चार आज्ञा!

नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या उरणमधल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. शहर बांधणे आणि राजाचा हट्ट एकच, असे मी म्हणणार नाही. त्या शहरातच माझे घर आहे. पण ‘चांगला भाव देत होते, मग अडले कशाला?’ असे कोणी म्हटले की आमच्यातला एक मित्र शांतपणे एवढेच म्हणतो, ‘नाबोथालाही देत होते.’

लहान प्रमाणावर सांगायचे तर जिन्यातला चपलांचा स्टँड दर पावसाळ्यात वीतभर पुढे येतो, तीही मेरच.

सगळेच देवाचे असेल तर माझे-तुझे कशाला?

लेवीय २५:२३ मध्ये देव म्हणतो की जमीन माझी, तुम्ही माझ्याकडचे उपरे. आपण भाडेकरू आहोत, तर शेजारच्या भाडेकरूच्या खोलीत घुसण्याचा हक्क कुठून येतो? पहिल्या मंडळीत लोक विकून वाटत, पण हनन्याला येशूचा शिष्य पेत्र याने विचारले, जमीन होती तेव्हा तुझीच होती ना? विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते ना? (प्रेषितांची कृत्ये ५:४). न देणे हा त्याचा गुन्हा नव्हता. काही भाग देऊन पूर्ण दिल्याचा आव आणला, तो होता.

खोटे बोलणे कधीच चालत नाही का? राहाबेचे काय?

यरीहोच्या राहाबेने इस्राएली हेर लपवले आणि राजाच्या माणसांना ते निघून गेल्याचे खोटेच सांगितले (यहोशवा २), मिसरातल्या सुइणींनी फारो राजाला थाप मारून बाळे वाचवली (निर्गम १), आणि देवाने सुइणींचे भले केले. यावर विद्वान शतकानुशतके वाद घालत आहेत. मला इतके दिसते की त्या बायांनी खोटे बोलून स्वतःच्या पदरात काही पाडून घेतले नाही, उलट जीव पणाला लावला. ‘साहेब, ट्रॅफिकमध्ये अडकलोय’ हे घरातून निघण्याआधी म्हणताना राहाबेचे नाव घेऊ नये.

दुसऱ्याचा ओटीटी पासवर्ड, पीडीएफ पुस्तके, झेरॉक्स?

बनवणाऱ्याची मजुरी बुडते का, एवढे विचारा. बहुतेक वेळा उत्तर आपल्याला आधीच माहीत असते, म्हणून तर आपण हा प्रश्न हळू आवाजात विचारतो.

ज्याने खरोखर चोरी केली होती, त्याच्यासाठी काही आहे का?

इफिस ४:२८. चोरणाऱ्याने पुन्हा चोरू नये, हातांनी चांगले काम करावे, आणि ते कशासाठी? गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावे म्हणून. घेणारा हात देणारा व्हावा, इथपर्यंत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल जातो. फिलेमोनाला लिहिताना तो पळून आलेल्या दासाबद्दल म्हणतो, त्याने तुझे काही नुकसान केले असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन (१८-१९). कोणाचे तरी उधार आपल्या वहीत घेणारा माणूस मंडळीत असावा लागतो.

वाचायला सुरुवात कुठून करावी? आणि बैठकीला यायचे असेल तर?

निर्गम २१ ते २३, लेवीय १९, अनुवाद २२ ते २५, मग लूक १९. नीतिसूत्रे मधूनमधून, मिठासारखी. बैठकीला कोणीही यावे, ख्रिस्ती असलेच पाहिजे असे नाही. येताना आपले पुस्तक आणा, आणि जाताना आठवणीने न्या. आमच्या कपाटावर सध्या दोन छत्र्या, एका लहान मुलाचा डावा बूट आणि निळ्या कव्हरचे एक पवित्र शास्त्र आहे. त्यात लेवीयच्या पानांत नेरूळ-ठाणे तिकीट खूण म्हणून घातलेले आहे, नाव कुठेच नाही. मी ते तिकीट हलवलेले नाही. ज्याचे असेल त्याने शनिवारी घेऊन जावे.